चाळिशीत अंपायर होता येतं का? येतं, पण नोकरी सोडून नाही

तुम्ही लिहिलंय की वय ४१, राहायला ठाण्यात, खासगी कंपनीत हिशेबाचं काम. कांगा लीगमध्ये (मुंबईची पावसाळ्यातली क्लब स्पर्धा) खालच्या डिव्हिजनला बरीच वर्षं खेळलात, चष्मा आहे आणि आता अंपायरची परीक्षा द्यायची आहे. यात करिअर होईल का, नोकरी सोडली तर दोन-तीन वर्षांत जम बसेल का, असं विचारलंय. आणि जाता जाता एक ओळ टाकलीय: ‘एलबीडब्ल्यूच्या अपीलचं टेन्शन येतं, ते कसं जातं?’

खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे. पण आधी पैशाचं बोलून घेऊ, कारण घरी पहिला विषय तोच निघणार.

नोकरी सोडू नका. आयसीसीच्या एलिट पॅनेलवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंपायरांच्या सगळ्यांत वरच्या फळीत, जगभरातून मिळून डझनभर माणसं असतात. भारतातून तिथे पोचलेली नावं बोटांवर मोजण्याइतकी: श्रीनिवास वेंकटराघवन, एस. रवी, नितीन मेनन. मेनन २०२० मध्ये तिथे गेले तेव्हा ३६ वर्षांचे होते आणि पॅनेलवरचे सगळ्यांत तरुण होते. वडील अंपायर, स्वतः मध्य प्रदेशकडून खेळलेले, आणि पांढरा कोट अंगावर चढवला तो तुमच्या जवळपास निम्म्या वयात. तुम्ही ४१व्या वर्षी परीक्षा देणार, म्हणजे तो दरवाजा तुमच्यासाठी नाही. स्पष्ट लिहितोय, पण नंतर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

त्याखालचा मजला बीसीसीआयचा. २०२२ मध्ये त्यांनी अंपायरांचे गट पाडले. वरच्या दोन गटांना दिवसाला ४०,००० आणि बाकीच्यांना ३०,००० रुपये, असे आकडे तेव्हा छापून आले होते. रणजीचा सामना चार दिवसांचा, तेव्हा गुणाकार करून डोळे चमकतात. पण त्याच वर्षी अहमदाबादला ज्युनियर आणि महिलांच्या सामन्यांसाठीच्या पॅनेलची परीक्षा झाली, तिला १४० जण बसले आणि पास झाले तीन. लेखी, तोंडी, व्हिडिओवरचे प्रश्न, शारीरिक चाचणी, असं सगळं त्यात होतं. एक प्रश्न फार गाजला: पॅव्हेलियनची किंवा झाडाची सावली पिचवर आली आणि बॅट्समन तक्रार करू लागला, तर काय कराल? त्या सावलीचं काहीच करायचं नसतं. फिल्डरची सावली पडत असेल तर मात्र त्याला बॉल पडेपर्यंत हलू नकोस म्हणून सांगायचं, आणि तो हललाच तर डेड बॉल, म्हणजे तो बॉल धरायचा नाही. पुस्तक पाठ केलेले बरेच जण अशा प्रश्नाला अडतात, कारण त्यांनी नियम वाचलेला असतो पण मैदानावर ती सावली कधी पाहिलेली नसते.

उरली राज्य संघटनेची पायरी, आणि तुमच्यासाठी खरी जागा तीच. एकट्या महाराष्ट्रात तीन संघटना आहेत: मुंबई, पुण्याची महाराष्ट्र आणि नागपूरची विदर्भ. तुम्ही ठाण्यात म्हणजे मुंबईकडे. वाचणाऱ्यांपैकी कोणी नाशिकचे, कोल्हापूरचे असतील तर त्यांनी पुण्याकडे पाहावं, अमरावती-अकोल्याच्यांनी नागपूरकडे, आणि गोव्याची संघटना वेगळी. परीक्षा कधी निघते, वयाची अट काय, हे संघटनेगणिक आणि वर्षागणिक बदलतं. जाहिरात आली की आधी वयाची ओळ वाचा, मग बाकीची. स्थानिक सामन्यांची फी प्रवास आणि जेवण सुटून थोडी हातात राहील इतपत असते. त्यावर घर चालत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या कंपनीवर अवलंबून आहे. शालेय सामने आणि ऑफिस स्पर्धा आठवड्याच्या मधल्या दिवसांत असतात. पूर्वी आम्हा अंपायरांतले बरेच जण बँकेत, रेल्वेत, सरकारी खात्यांत असायचे. साहेब क्रिकेटवेडा असला की रजेचं जमून जायचं. खासगी कंपनीत हिशेबाच्या माणसाला हॅरिस शील्डसारख्या शालेय स्पर्धेसाठी कोण सोडणार? तेव्हा शनिवार-रविवारच्या सामन्यांवर पहिली दोन-तीन वर्षं काढायची तयारी हवी. वाढ हळू होईल, पण होईल.

तुम्ही खेळलात ते कामाला येईल का, असंही मध्येच विचारलंय. थोडंफार येईल. वेंकटराघवन ५७ कसोटी खेळले आणि ७३ कसोटींत अंपायर म्हणून उभे राहिले. पण सलग पाच वर्षं आयसीसीचा सर्वोत्तम अंपायर ठरलेला सायमन टॉफेल प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेला नाही. खेळलेल्या माणसाला बॉल कुठे जाणार याचा अंदाज आधी येतो, आणि तोच त्याला खड्ड्यातही घालतो. बॉल जिथे जायला हवा होता तिथे तो गेलाच, असं त्याचं मन परस्पर ठरवून टाकतं. मी नव्या मुलांना सांगतो की अंदाज खिशात ठेवा आणि फक्त बघा.

आता टेन्शनकडे. दिवसाला ९० ओव्हर धरल्या तर ५४० बॉल होतात. त्यात नाव घेण्यासारखी अपिलं किती? खेळ तापलेला असला तर पंधरा-वीस, एरवी त्याहून कमी. उरलेल्या पाचशे बॉलना तुमच्याकडे कोणी पाहत नाही. नवा अंपायर त्या पाचशे बॉलांतच दमतो. तो सकाळपासून डोळे ताणून, खांदे आवळून उभा असतो, आणि चहानंतर जेव्हा खरं अपील येतं तेव्हा त्याची नजर अर्धा क्षण मागे पडलेली असते. टेन्शन येतं म्हणून निर्णय चुकतो असं लोकांना वाटतं. मला उलटा क्रम दिसत आलाय: लक्ष थकलेलं असतं, बॉल नीट दिसलेला नसतो, आणि काही दिसलं नाही म्हणून टेन्शन येतं.

म्हणून लक्ष चालू-बंद करायला शिका. बोलर वळून धावायला लागला की चालू. बॉल डेड झाला की बंद. त्या मधल्या वेळात माझं ठरलेलं काम असतं आणि ते रोज त्याच क्रमाने होतं. बॉल मोजायच्या काउंटरचा खटका दाबायचा, स्क्वेअर लेगच्या जोडीदाराकडे एक नजर टाकायची (चौथ्या बॉलनंतर आम्ही बोटांनी ‘दोन राहिले’ अशी खूण करतो), लेग साइडला क्रीजच्या मागे दोनपेक्षा जास्त फिल्डर नाहीत ना ते बघायचं, कोणी नवा मैदानात शिरला नाही ना तेही. मग कधी एखाद्या झाडाकडे, कधी आझाद मैदानावरून दिसणाऱ्या व्ही.टी.च्या घुमटाकडे बघून डोळे सैल करायचे. चार सेकंद पुरतात. शाळेच्या मुलांच्या सामन्यात या चार सेकंदांत कीपर काहीतरी गमतीचं बोलतो, तेही ऐकावं.

बोलर धावत आला की आधी त्याचा पुढचा पाय बघायचा आहे. पायाचा काही भाग पॉपिंग क्रीजच्या (स्टंपसमोरच्या रेघेच्या) मागे हवा, टेकलेला असो वा हवेत. तिथून नजर उचलून बॉलवर न्यायची. हा सगळा खेळ अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेरचा. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०२० पासून पुढच्या पायाचा नो-बॉल हळूहळू टीव्ही अंपायरकडे गेला, त्यामुळे तिथल्या अंपायरची नजर मोकळी झाली. आपल्याकडे मैदानात टीव्ही नाही, पाय आपल्यालाच बघायचाय. नजर पायावर एक क्षण जास्त रेंगाळली की बॉल टप्पा घेतल्यावरच दिसतो, आणि टप्पा दिसला नाही तर पायचीत (एलबीडब्ल्यू) देताच येत नाही.

पायचीतचा विचार मी नेहमी ‘नाही’च्या बाजूने करतो. नो-बॉल होता का? टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला का? आधी बॅट लागली का? यातल्या एकाचंही उत्तर हो आलं तर विषय संपला, बोलर कितीही घसा ताणो. मग बॉल पायाला लागला तेव्हा स्टंपांच्या रेषेत होता का ते. ऑफच्या बाहेर लागला असेल तर बॅट्समनने फटका मारायचा प्रामाणिक प्रयत्न केला होता का हे बघावं लागतं, कारण बॅट मागे लपवून पॅड पुढे केलं असेल तर बाहेर लागलेला बॉलही चालतो. सगळ्यात शेवटी प्रश्न: स्टंपला लागला असता का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्यात जरा थांबतो. पॉपिंग क्रीज स्टंपपासून चार फुटांवर असते. उंच बॅट्समन पुढे मोठं पाऊल टाकून खेळला तर पॅड स्टंपपासून सात-आठ फुटांवर असतं. तिथून बॉलला अजून तेवढं अंतर कापायचंय आणि लागायचंय नऊ इंच रुंद, अठ्ठावीस इंच उंच लक्ष्याला. उजव्या हाताचा बोलर क्रीजच्या टोकावरून ओव्हर द विकेट (बोलिंगचा हात स्टंपच्या बाजूला ठेवून) टाकत असेल तर बॉल आधीच तिरका येतोय. मिडल स्टंपसमोर पायाला लागलेला तो बॉल तसाच गेला तर बऱ्याचदा लेग स्टंप चुकवून जाईल. टीव्हीवर बघून बघून लोकांना वाटतं, ‘समोर लागलाय, म्हणजे आऊट’. म्हणून मी बोलर बदलला की पहिल्याच ओव्हरला तो क्रीजवर कुठून टाकतोय ते मनात टिपून ठेवतो. ती तिरकी रेघ एकदा डोक्यात बसली की अपील येण्याआधीच अर्धं काम झालेलं असतं.

उंचीचं गणित मैदानागणिक बदलतं. पावसाळ्यात कांगा लीगच्या झाकल्याशिवायच्या पिचवर एक बॉल घोट्याला घासतो आणि पुढचा छातीपर्यंत उडतो. मार्च-एप्रिलमध्ये त्याच पिचवर बॉल गुडघ्याच्या वर येत नाही. सकाळी पिचवर उभं राहून बुटाने ठोकून बघा, माळ्याला विचारा काल पाणी कधी मारलं. माळ्याला जेवढं कळतं तेवढं दोन्ही कॅप्टनांना मिळूनही कळत नसतं.

आणि घाई करू नका. अपील झालं की एक श्वास घ्या, जे बघितलं ते डोळ्यांसमोरून एकदा जाऊ द्या, मग बोट वर किंवा मान नकारार्थी. हा श्वास भित्रेपणाचा वाटेल अशी भीती नव्यांना असते, म्हणून ते ताडकन बोट उचलतात. खेळाडूंना उशिरा आलेल्या निर्णयाचा राग येत नाही, डळमळीत निर्णयाचा येतो. एकदा दिलं की दिलं, पुढचा बॉल. पुढच्या अपीलला मागचं भरून काढायचा विचार मनात आला तर त्याच क्षणी हाकलून द्या, नाहीतर एकाचे दोन होतात.

कानांचंही आहे. कट बिहाइंडला, म्हणजे बॅटची कड घेऊन कीपरकडे गेलेल्या झेलाला, आवाजावर फार भिस्त ठेवणारे असतात. तुम्ही क्रॉस मैदानावर, ओव्हलवर खेळला आहात, तुम्हाला ठाऊक आहे की आपला स्क्वेअर लेग शेजारच्या मॅचच्या कव्हरमध्ये उभा असतो. तिकडची बॅट वाजली की टक असा आवाज इकडेही येतो. आवाज आणि बॉल बॅटजवळून जाण्याचा क्षण एकच होता का, आणि बॉलची दिशा जराशी तरी बदलली का, दोन्ही जुळलं तरच बोट वर.

तुमच्या चष्म्याबद्दल. चष्मा असल्याने काही बिघडत नाही, चष्मा लावून उभे राहणारे पुष्कळ आहेत. पण चाळिशीनंतर बहुतेकांना प्रोग्रेसिव्ह काच लागते: वर लांबचं, खाली वाचायचं. अंपायरला तीच नडते. बोलरचा पाय बघायला तुम्ही डोळे खाली नेता आणि क्रीजची रेघ नेमकी वाचायच्या भागातून दिसते, म्हणजे धूसर. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून मैदानासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. उन्हात आपोआप काळी होणारी काचही टाळा. ढग आले की ती उजळायला वेळ घेते, आणि प्रकाश पुरेसा आहे का हे ठरवणारे तुम्हीच असता.

माणसांच्या बाबतीत मात्र तुमचं वय उपयोगाला येईल. बावीस वर्षांच्या अंपायरला मैदानात ‘सर’ म्हणतात, पण ऐकत नाहीत. तुम्हाला ‘काका’ म्हणतील आणि ऐकतील. २०१७ पासून नियमांत खेळाडूंच्या वागणुकीवर स्वतंत्र कलम आलंय, ४२वं. आधी ताकीद, मग पाच धावांचा दंड, गंभीर असेल तर काही ओव्हर मैदानाबाहेर, आणि मारामारीपर्यंत गेलं तर उरलेल्या सामन्यातून हकालपट्टी. स्पर्धेचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी वाचा. पण ते कलम काढायची वेळ येऊ नये हेच कसब. कोणी तोंड सोडलं तर मी त्या मुलाशी वाद घालत नाही. ओव्हर संपली की कॅप्टनला बाजूला बोलावतो आणि आवाज न चढवता म्हणतो, ‘तुझा फर्स्ट स्लिप फार बोलतोय. तू सांगशील की मी सांगू?’ नव्वद टक्के वेळा तोच सांगतो. सगळ्यांसमोर झापलं तर अख्खी टीम तुमच्या विरोधात जाते, आणि दिवस अजून बराच बाकी असतो.

जास्त त्रास सीमारेषेबाहेरून होतो. शालेय सामन्यांत आई-वडील आणि कोच असतात, आणि आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल. लंचच्या आत तुमचा निर्णय तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलेला असतो, तोही मिडविकेटवरून काढलेला, जिथून पायचीतबद्दल काहीही कळत नाही. १९९२ मध्ये डरबनला सचिन तेंडुलकरला टीव्ही बघून धावबाद दिलं, तिसऱ्या अंपायरने दिलेला तो पहिला बळी. तेव्हापासून लोकांना वाटू लागलंय की पडद्यावर दिसतं ते शेवटचं. त्या व्हिडिओवर बोलू नका, ग्रुपवर तर अजिबात लिहू नका. विचारणारा कॅप्टन असेल तर एका वाक्यात सांगा: ‘मला टप्पा बाहेर वाटला.’ दुसरं वाक्य नको.

नियमांचा अभ्यास करताना जुनी पुस्तकं टाळा. कलमं ४२च आहेत, पण आतला मजकूर बदलत असतो. ऑक्टोबर २०२२ पासून नॉन-स्ट्रायकरला बोलरने बाद करणं ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून सरळ धावबादच्या कलमात टाकलंय. असं बाद केल्यामुळे विनू मांकडांच्या नावाला चिकटलेला तो ७५ वर्षांचा डाग निदान कागदावरून तरी पुसला गेला, याचा मला व्यक्तिशः आनंद झाला. तेव्हाच झेलबादवर बॅट्समन एकमेकांना ओलांडून गेले तरी नवा बॅट्समन स्ट्राइकलाच येईल, हेही ठरलं. हे दोन बदल विसरलेले जुने खेळाडू मैदानावर हुज्जत घालतात, तेव्हा कलम तोंडपाठ असलेलं बरं. नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या संकेतस्थळावर पूर्ण नियम फुकट वाचायला मिळतात. रोज एक कलम वाचा आणि वाचलेलं त्याच आठवड्यात मैदानावर शोधा.

ठाण्याकडे, रायगडकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांना अंपायर लागतात आणि पैसे रोख मिळतात, तेव्हा तिकडून बोलावणं येईलच. गर्दी सांभाळायचा सराव म्हणून एक-दोन कराव्यात. पण तिथे बहुतेक ठिकाणी पायचीत नसतो, बॉलची उसळी वेगळी, आणि दिवसभरात इतके सामने उरकायचे असतात की एक श्वास थांबायची सवय मोडते. परीक्षेच्या वर्षी तरी लांब राहा.

डोक्याची काळजीही घ्या. २०१५ मध्ये दिंडीगुलला रणजीच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाचे अंपायर जॉन वॉर्ड यांना सरळ मारलेला फटका डोक्याला लागला. त्यानंतर अंपायरने हेल्मेट घालण्यात लाजण्यासारखं काही राहिलेलं नाही. स्थानिक सामन्यात हेल्मेट घातलं नाहीत तरी बॉल पडल्यावर सरळ रेषेतून एक पाऊल बाजूला व्हायची तयारी ठेवा.

आता तुम्ही लगेच काय करावं. परीक्षेचा फॉर्म निघेपर्यंत स्कोअररच्या टेबलावर बसा. मुंबईच्या वृंदा राठी आधी स्कोअरर होत्या. २०२३च्या जानेवारीत त्या, एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन अशा तिघी रणजीत उभ्या राहिल्या, तेव्हा महिला अंपायर त्या स्पर्धेत पहिल्यांदा दिसल्या. स्कोअरर अंपायरची प्रत्येक खूण पाहून हात वर करतो आणि अंपायरने ती पोच मिळाल्याशिवाय पुढचा बॉल टाकू द्यायचा नसतो. टेबलावर चार रविवार काढलेत की कोणता अंपायर स्कोअररकडे बघतच नाही, कोण ओव्हर पाच बॉलांत संपवतो, कोण बाय आणि लेगबाय गोंधळतो, हे सगळं बसल्या जागी दिसेल. तुमच्या जुन्या क्लबला विचारा, स्कोअरर नेहमीच कमी असतात. मात्र परीक्षा पास झालात की त्याच क्लबच्या सामन्यात अंपायर म्हणून उभं राहायला नाही म्हणा, आणि ते आत्ताच सेक्रेटरींच्या कानावर घालून ठेवा.